सणाच्या दिवशी घडणाऱ्या ऐतिहासिक प्रेमकथा : पानिपतच्या संक्रांतीवर गाडी अडली आहे

कृष्णाकाठ

नमस्कार मंडळी,

गेली तीन वर्षं एक वही भरतेय. जुन्या काळातल्या पाच प्रेमकथा, आणि प्रत्येक कथा एका सणाच्या दिवशी घडणारी. कादंबरीचा आवाका नाही. सकाळच्या सड्यापासून रात्रीच्या निजानिजेपर्यंत, सात-आठ पानांत संपेल एवढंच.

सणच का? कारण वाड्यातल्या नवरा-बायकोचं बोलणं नेमकं कुठे घडवायचं, हेच मला कळत नव्हतं. दिवसा वडीलधाऱ्यांसमोर एकमेकांकडे बघायची चोरी. नाव घ्यायचं नाही. माजघर बायकांचं, सोपा पुरुषांचा. लिहिता लिहिता ध्यानात आलं की सण म्हणजे त्यांना घरानं दिलेली परवानगी आहे. पाडव्याला ती तबक घेऊन त्याच्यापुढे उभी राहते तेव्हा सगळं घर बघत असतं, तरीही निरांजनाच्या उजेडात तेवढा वेळ ती त्याच्या डोळ्यांत बघू शकते. हळदीकुंकवाला बायका वाट अडवून 'नाव घे' म्हणतात, तेव्हा वर्षभर ओठांआड ठेवलेलं नाव चारचौघींत उच्चारता येतं. मला तर उखाणा ही आपल्याकडची सर्वांत लहान प्रेमकविता वाटते.

दसरा, मंगळागौर आणि पाडवा लिहून झाले. अडलंय ते पानिपतावर. पुण्यातल्या वाड्यात १४ जानेवारी १७६१ ला संक्रांतीचं हळदीकुंकू चालू आहे. तिनं त्याच्या वाटणीचा तिळगूळ डब्यात काढून ठेवलाय, आणि त्याच घटकेला तो तिकडे रणात. एक परिच्छेद इकडचा, एक तिकडचा. चार वेळा लिहिलं, चारही वेळा फाडलं. काहीतरी खोटं वाटतंय आणि ते काय, ते सापडत नाही. जाणकारांनी मदत करावी.

मोडीवेडा

ताई, खोटं काय वाटतंय ते सांगतो. त्या दिवशी संक्रांत नव्हती.

युद्ध झालं पौष शुद्ध अष्टमीला, शके १६८२, बुधवारी. इंग्रजी तारीख १४ जानेवारी १७६१, यात वाद नाही. पण आपली संक्रांत निरयन सूर्यावर, म्हणजे ताऱ्यांच्या संदर्भानं मोजलेल्या सूर्याच्या जागेवर चालते आणि इंग्रजी कॅलेंडरात ती हळूहळू पुढे सरकत आली आहे. स्वामी विवेकानंदांचा जन्म संक्रांतीचा, आणि तारीख १२ जानेवारी १८६३. म्हणजे दीडशे-एकशेसाठ वर्षांपूर्वी संक्रांत १२ ला होती. त्याच्याही मागे १०२ वर्षं जा, ती ९-१० जानेवारीला येते. पानिपतच्या बुधवारी संक्रांत उलटून चार दिवस झाले होते.

आज १४ जानेवारी म्हटलं की तिळगूळ आठवतो म्हणून आपण तोच दिवस मागे नेऊन चिकटवतो. ऐतिहासिक कथा लिहिणाऱ्यानं निदान तिथी आणि तारीख एकदा जंत्रीत पडताळून घ्यावी. मोडकांची जंत्री आहे, खरे जंत्री आहे. मोठ्या ग्रंथालयात बसून तासाभराचं काम.

शनवारातला

मोडीवेडा, गणित मान्य. पण 'संक्रांत कोसळली' हा शब्दप्रयोग आमच्या घरात पानिपताला जोडूनच ऐकत आलो. माझी आजी संक्रांतीला तिळगूळ द्यायच्या आधी देवापुढे चिमूटभर तीळ वेगळे ठेवायची, 'तिकडं राहिलेल्यांचे' म्हणून. आमच्या घराण्यातलं पानिपतावर कोण गेलं होतं, हे तिला ठाऊक नव्हतं. तरी ठेवायची. लोकांच्या मनात अडीचशे वर्षं जे एक झालंय ते कथेत तोडायचं का? कथा म्हणजे काही जंत्री नव्हे.

मोडीवेडा

काका, आजींचे तीळ वाचून गप्प झालो. तोडा असं म्हणतच नाही मी. माझं म्हणणं उलट आहे. खरी तारीख धरली तर कथा जास्त जिव्हारी लागते.

बघा ना. संक्रांतीला पुण्यातल्या बायका हळदीकुंकू करताहेत आणि त्या दिवशी त्या खरोखर सवाष्णी आहेत. छावणीत उपासमार आहे, पण माणूस जिवंत आहे. चार दिवसांनी बुधवार येतो. त्यानंतर कितीतरी दिवस पुण्यात कोणाला काही माहीत नाही. खुद्द नानासाहेब पेशव्यांना वाटेत भेलशाजवळ बातमी कळली तीही जानेवारी सरत आल्यावर, मोत्यं गळाली, मोहरा हरवल्या अशा सांकेतिक भाषेत. मग सामान्य शिलेदाराच्या घरी कधी पोचली असेल? ती रोज कुंकू लावतेय, वाणातल्या बांगड्या हातात आहेत, आणि वाचणाऱ्याला ठाऊक आहे. इकडून तिकडे उड्या मारायची गरजच उरत नाही. डबा फडताळात राहू द्या, पुरे.

टेम्सकाठी

चर्चा आवडली म्हणून बऱ्याच दिवसांनी लिहितेय. मी इंग्लंडात राहते. इथे हा प्रकारच वेगळा रुळलेला आहे. नाताळाच्या आसपास घडणाऱ्या जुन्या काळातल्या प्रेमकथा, चार-पाच लेखिकांच्या एकेक दीर्घकथा मिळून एक पुस्तक. काळ बहुतेकदा रीजन्सीचा, म्हणजे काटेकोर धरला तर १८११ ते १८२०. म्हणजे आपल्याकडे दुसऱ्या बाजीरावाची अखेर!

आणि तुमच्या संक्रांतीसारखीच चूक इथेही सर्रास दिसते. १८१५ सालच्या गावाकडच्या घरात सजवलेलं ख्रिसमसचं झाड. राणी शार्लटनं १८०० मध्ये विंडसरला झाड लावलं होतं हे खरं, पण ते दरबारापुरतं. घराघरांत ते शिरलं ते व्हिक्टोरिया राणीच्या कुटुंबाचं झाडाभोवतीचं चित्र 'इलस्ट्रेटेड लंडन न्यूज'मध्ये १८४८ साली छापून आल्यानंतर. नाताळचं छापील शुभेच्छापत्रही १८४३ चं. जी लेखिका हे जाणते ती झाड काढून टाकते आणि तिला त्याहून चांगलं काहीतरी सापडतं. नाताळनंतरच्या बाराव्या रात्रीचा मोठा केक असतो, त्या रात्री चिठ्ठ्या उचलून ज्याच्या वाट्याला जे सोंग येईल ते त्यानं रात्रभर वठवायचं असतं, आणि मिसलटोची डहाळी असते. डहाळीखाली चुंबन घेतलं की एक पांढरं फळ तोडायचं, फळं संपली की परवानगी संपली. एरवी ज्या मुलीला परपुरुषाशी एकटीनं दोन वाक्यं बोलता येत नसत, तिला त्या डहाळीखाली सगळ्यांसमोर मुभा.

कृष्णाकाठताईंनी उखाण्याबद्दल लिहिलंय ते वाचून म्हणूनच अंगावर काटा आला. तीच गोष्ट, आपल्या घरातली. इथल्या चांगल्या कथांमध्ये शेवटचं फळ कोण तोडतं यावर सगळा जीव टांगलेला असतो. तुमच्या कथेत ती नाव कधी घेते यावर टांगा.

चांदणवेल

मला थोडं कडू विचारायचंय, राग मानू नका. तुमच्या नायिकांची वयं काय आहेत?

पेशवाईतल्या प्रेमकथा वाचताना माझा घास तिथेच अडकतो. मुलीचं लग्न आठव्या-नवव्या वर्षी. पानिपताच्या तोंडावर, डिसेंबर १७६० मध्ये, नानासाहेबांनी पैठणला आणखी एक लग्न केलं तेही एका लहान मुलीशीच. १८९१ च्या संमतिवयाच्या कायद्यानं मर्यादा दहावरून बारावर नेली तर केवढा गदारोळ उठला. मुलीच्या लग्नाचं वय चौदा करणारा शारदा कायदा यायला १९२९ उजाडलं. पैठणी, नथ, मोगरा, चांदणं यांत हे सगळं झाकून टाकायचं का?

दुसरं म्हणजे सती. थेऊरला माधवराव पेशवे गेले १८ नोव्हेंबर १७७२ ला, कार्तिक वद्य अष्टमीला. म्हणजे पाडवा होऊन जेमतेम तीन आठवडे. रमाबाई सती गेल्या. त्यांचं वृंदावन तिथे नदीकाठी आहे, मी पाहिलंय. त्या शेवटच्या पाडव्यावर कोणीतरी कथा लिहिणार आणि ज्वाळांना प्रेमाचा कळस म्हणणार, याची मला भीती वाटते. कृपा करून तसं करू नका.

कृष्णाकाठ

चांदणवेल, राग कसला, हा प्रश्न मला पहिल्या दिवसापासून छळतोय. मी घातलेली मर्यादा सांगते. माझ्या एकाही कथेत लग्न नाही. लग्न कथेच्या फार आधी, तिला काही कळतही नसलेल्या वयात झालेलं आहे. ती नांदायला आली, घरात वाढली, कामाला जुंपली गेली, तो मोहिमांवर राहिला. कथा सुरू होते तेव्हा ती एकोणीस-वीस वर्षांची आहे आणि आपल्याच नवऱ्याची तिला ओळख नाही. दहा वर्षांच्या लग्नानंतर झालेली पहिली ओळख, हाच माझ्या पाचही कथांचा विषय म्हणा. त्या लग्नाबद्दलचा तिचा रागही कथेत आहे. मंगळागौरीच्या कथेत ती फुगडी घालताना मैत्रिणीला म्हणते, 'मला कोणी विचारलं नव्हतं गं.' ते वाक्य मी काढणार नाही.

थेऊरच्या वाटेला जायचा विचार नव्हता, आता तर नाहीच.

खानदेशची लेक

सगळी चर्चा पुण्याच्या वाड्याभोवती फिरतेय म्हणून आमच्याकडचं सांगते. आमच्याकडे सण नवरा-बायकोला एकत्र आणत नाही, वेगळं करतो!

आखाजीला, म्हणजे अक्षय तृतीयेला, लेकी माहेरी येतात. निंबाच्या झाडाला झोके बांधतात, गौराईची गाणी म्हणतात. बहिणाबाई चौधरींनी आखाजीवर गाणं केलंय ते याच आनंदाचं. शेतीची कामं थांबलेली, उन्हं कडक, आणि वर्षातून तेवढेच दिवस डोक्यावर पदर घ्यायचा नसतो. मग सासरहून घ्यायला कोण येणार याची वाट. सासरा आला तर तोंड उतरतं. नवरा आला तर मैत्रिणी झोक्यावरूनच गाण्यातून त्याला चिमटे काढतात, आणि ती मात्र आत जाऊन बसते, कारण माहेरच्या माणसांसमोर त्याच्याकडे बघायची लाज आणखीच जास्त. माझ्या पणजीचं माहेर ते सासर बैलगाडीनं एक रात्रीचा रस्ता. गावाची वेस ओलांडेपर्यंत दोघंही गप्प, आणि नंतर पहाटेपर्यंत बोलणं थांबलं नाही, असं ती सांगायची. काय बोललात विचारलं तर म्हणायची, 'बैलांबद्दल.'

ताई, सहावी कथा आखाजीची लिहा. राजे-सरदार नसले तरी तोही इतिहासच.

कृष्णाकाठ

'बैलांबद्दल'! तुमची परवानगी असेल तर हा शब्द मला हवाय.

खानदेशची लेक

घ्या की. पणजी खूश होईल.

येरळेकाठचा

खानदेशच्या ताईंना +१. आमच्या सातारा-सांगलीकडची एक गोष्ट सांगतो, पेशवाईच्या मानानं अगदी अलीकडची.

आजोबा प्रतिसरकारात, म्हणजे इंग्रजांना न जुमानता गावागावांत चालवलेल्या समांतर सरकारात होते. १९४३ नंतरचा काळ, क्रांतिसिंह नाना पाटलांची चळवळ जोरात, आणि आजोबा भूमिगत. त्यांचं लग्न 'गांधी विवाह' पद्धतीनं झालेलं. प्रतिसरकारानं ती लग्नं लावली, हुंडा नाही, मानपान नाही, वाजंत्री नाही. लग्नानंतर आठवड्याभरात आजोबा पुन्हा बेपत्ता.

पहिली दिवाळी आली. पोलिसांना ठाऊक होतं की सणाला माणूस घराकडे ओढला जातो, म्हणून नेमकी तेव्हाच गावावर पाळत. आजीनं काय करावं? घरावर उंच काठीला आकाशदिवा लावायची रीत होती. दिवा लागला तर वाट मोकळी, नाही लागला तर येऊ नका, असा निरोप ठरला. वसुबारसेपासून गावातल्या प्रत्येक घरावर दिवा होता, फक्त आमच्या नाही. शेजारणी म्हणायच्या, सणाचा अंधार कशाला गं. आजी सांगायची, तेल परवडत नाही. आजोबा नदीपलीकडच्या रानातून रोज रात्री तो अंधार बघायचे. त्यांना कळायचं की ती जागी आहे आणि आपली काळजी घेतेय.

भाऊबीज झाली, पोलीस गेले. त्या रात्री आजीनं दिवा लावला. सगळ्या गावाची दिवाळी संपल्यावर आमच्या घरची सुरू झाली. म्हातारपणी वीज आल्यावरही आमच्या घरचा आकाशकंदील भाऊबीजेनंतर एक रात्र जास्त राहायचा. का, ते मला आजी गेल्यावर वडिलांनी सांगितलं.

चांदणवेल

हे वाचून थोडा वेळ फोन बाजूला ठेवला. दादा, हे तुम्हीच लिहा, दुसऱ्या कोणाला देऊ नका.

शनवारातला

येरळेकाठचे दादा, नमस्कार तुमच्या आजींना.

कृष्णाकाठताई, वस्तूंबद्दल थोडं, कारण हल्लीच्या कथांमध्ये याचा फार खेळखंडोबा होतो. पेशवाईतल्या घरात सकाळी चहा नको. आगपेटी नको, विस्तव राखेखाली जपलेला असे, नाहीतर चकमक झाडायची. कंदिलाला रॉकेल नको, समईला तेल. बटाट्याची भाजी तर नकोच. माजघरातल्या अंधाराचा अंदाज आज आपल्याला येत नाही. समईच्या उजेडात माणसाचा अर्धाच चेहरा दिसतो. तुमची ओवाळणी त्या उजेडात लिहा.

अवांतर: दारूकाम, म्हणजे आतषबाजी, मात्र बिनधास्त घाला. महादजी शिंद्यांनी सवाई माधवरावांना कोट्याच्या दिवाळीतल्या दारूच्या लंकेचं वर्णन सांगितलं आणि मग तशी लंका पर्वतीपाशी करवली, असा प्रसंग पेशव्यांच्या बखरीत आहे. सगळं पुणं अंधारात माना वर करून आकाशाकडे बघतंय, आणि गर्दीत दोनच माणसं एकमेकांकडे. ही कथा कोणी लिहील का?

टेम्सकाठी

काका, ती मी लिहिणार. जागा धरून ठेवली!

मोडीवेडा

भाषेबद्दल मूळ धाग्यात विचारलं नसलं तरी सांगतो. बखरीची भाषा संवादात आणू नका. बखर दरबारी आहे, बाई तशी बोलत नसणार. कान तयार करायचा असेल तर रामजोशी, होनाजी बाळा, सगनभाऊ, प्रभाकर यांच्या विरहाच्या लावण्या वाचा. मोहिमेवर गेलेल्या शिपायाच्या बायकोचं दुःख शाहिरांनी तिच्या तोंडून गायलंय. लिहिणारे पुरुषच, हे मान्य, पण शब्द जिवंत आहेत.

आणि पानिपताबद्दल रात्री पुन्हा विचार करत बसलो होतो. संक्रांत सोडाच ताई. १७६० ची दिवाळी बघा.

१७ ऑक्टोबरला मराठ्यांनी कुंजपुऱ्याचा किल्ला घेतला. धान्य, घोडे, पैसा हाती आला. दोनच दिवसांनी दसरा, तो तिथेच साजरा झाला. सगळे खुशीत. तेवढ्यात अब्दालीनं बागपतजवळ यमुना ओलांडली आणि दिल्लीची वाट अडवली. मराठे मागे वळून पानिपतला थांबले, खंदक खणायला लागले. आता तिथ्या मोजा. पौष शुद्ध अष्टमी १४ जानेवारीला, त्यावरून मागे गेलं की अश्विन अमावास्या येते ८ नोव्हेंबरच्या आसपास. म्हणजे लक्ष्मीपूजन आणि पाडवा त्या छावणीतच आले, खंदकाची माती ओली असताना. सैन्याबरोबर बायका होत्या, यात्रेकरू होते, सदाशिवरावभाऊंच्या पत्नी पार्वतीबाई होत्या. धान्य अजून संपलेलं नव्हतं. बळवंतराव मेहेंदळे ७ डिसेंबरला पडले, गोविंदपंत बुंदेले त्याच महिन्यात मारले गेले, ते सगळं पुढचं. पाडव्याच्या दिवशी आशा होती.

तुम्ही म्हणता ना, सण म्हणजे परवानगी. इथे ना वाडा, ना माजघर, ना सासू. एक राहुटी आणि दोन माणसं. लग्नानंतर पहिल्यांदाच त्यांना कोणाची परवानगी लागत नाही. काय करतील ती?

शनवारातला

आणि जमलं तर १७६२ ची संक्रांतही लिहा. पार्वतीबाईंनी भाऊसाहेब गेले हे मानलंच नाही, वैधव्य पत्करलं नाही. वर्ष उलटल्यावर पुण्यात हळदीकुंकू आलं असेल, तेव्हा अशा किती घरांत बायका एकमेकींच्या कपाळाकडे बघत असतील. नवरा परतला नाही, पण गेल्याचंही कोणी पाहिलं नाही. तिला बोलवायचं की नाही? ती आली तर कुंकू लावायचं की नाही? मला वाटतं, ज्या घरची बाई तिला न विचारता पुढे होऊन कुंकू लावेल, त्या घराची ती कथा होईल. माझ्या आजीचे तीळ त्या कथेत ठेवा.

कृष्णाकाठ

दोन आठवडे इकडे फिरकले नाही, माफ करा. लिहीत होते.

संक्रांतीची पानं बाजूला ठेवली. ती काकांच्या कथेसाठी, १७६२ साठी, लागतील. पानिपतची कथा आता पाडव्याची झाली आहे. मोडीवेडादादा, तुमच्या प्रश्नाचं उत्तर शोधताना फार दिवस गेले. आधी मला वाटलं, कोणी बघत नाही म्हटल्यावर ती दोघं खूप बोलतील. लिहायला बसले तर बोलेचनात. मोकळीक मिळाल्यावर दोघांनाही काय करावं कळेना. सगळी रीत माणसांच्या गर्दीत शिकलेली. शेवटी खानदेशच्या पणजी मदतीला आल्या. शेवटचा तुकडा इथे देते, कच्चा आहे, सांभाळून घ्या.

'तबक नव्हतं. तिनं पितळी ताटलीत कणकेचा दिवा ठेवला आणि राहुटीचा पडदा खाली सोडला. तो घोंगडीवर बसला, मांडी नीट केली, डोक्याला पागोटं नाही म्हणून शेला गुंडाळला. बाहेर खंदकावर कुदळी चालू होत्या. तिनं ओवाळलं. त्यानं कनवटीची एक मोहर ताटलीत टाकली. कुंजपुऱ्याची, असं म्हणाला. ती काही बोलली नाही. मग दोघं बराच वेळ घोड्याबद्दल बोलत बसली. डाव्या मागच्या पायाला नाल बसत नव्हता. दाणा कमी मिळतोय. थंडी वाढली की अंगावर झूल लागेल. दिवा विझायला आला तेव्हा ती म्हणाली, नाव घ्यायचं राहिलं. तो म्हणाला, इथं ऐकायला कोण आहे? ती म्हणाली, तुम्ही आहात की. तुम्ही कधी ऐकलंय?

त्यानं खरंच कधी ऐकलं नव्हतं. नाव घेताना पुरुष सोप्यावर असायचे.

घरची कृष्णा आठवली परक्या पाण्याकाठी,
गोविंदरावांचं नाव घेते पाडव्यासाठी.

तो म्हणाला, पुन्हा घे.'